विमानतळ नसला तरी आकाश रिकामं नसतं

बोईसरच्या लग्नांत, केळव्याच्या किनाऱ्यावर, तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांवर ड्रोन आता नवलाचा राहिलेला नाही. तो उडवणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : "आपल्याकडे कुठे विमानतळ आहे? उडवा बिनधास्त!"

पालघर जिल्ह्यात चालू विमानतळ नाही, हे खरं. पण उत्तरेला दमणमध्ये तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे, आणि समुद्रात अडकलेल्या खलाशांना उचलायला हेलिकॉप्टर निघतं ते विमानतळ पाहून नव्हे. दक्षिणेला जुहूहून समुद्रातल्या तेलविहिरींकडे हेलिकॉप्टरं ये-जा करतात. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूनजीकच्या समुद्रात कोसळलेलं पवनहंसचं हेलिकॉप्टर त्याच कामावर होतं. त्या अपघाताशी ड्रोनचा संबंध नव्हता. आपल्या किनाऱ्यालगतच्या आकाशात माणसं प्रवास करत असतात, एवढ्यासाठीच त्याची आठवण.

याच्या नेमका उलटा समजही इथे तितकाच पक्का आहे : तारापूरचं अणुऊर्जा केंद्र असल्यामुळे जिल्हाभर ड्रोनला बंदी आहे. तसं असतं तर डिसेंबर २०२१मध्ये जव्हारहून झाप गावाला कोविड लसीचे ३०० डोस ड्रोनने गेलेच नसते. रस्त्याने चाळीस मिनिटांहून जास्त लागणारं ते अंतर ड्रोनने नऊ-दहा मिनिटांत कापलं. डोंगरातल्या पाड्यांसाठी हे तंत्र काय करू शकतं, ते त्या दिवशी दिसलं. म्हणून सरसकट बंदीची मागणी मला पटत नाही. सरसकट मोकळीकही पटत नाही.

ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांनी देशाचं आकाश हिरवं, पिवळं आणि लाल असं वाटून दिलं आहे. हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत, उड्डाणाची आगाऊ परवानगी लागत नाही. त्याच्या वर पिवळा भाग सुरू होतो. तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण नाही. १९६९पासून वीज देणाऱ्या तारापूरच्या केंद्रासारख्या ठिकाणांभोवती जायचंच नाही. एमआयडीसी त्याच परिसरात असल्याने रेषा नेमकी कुठून जाते याचा अंदाज बांधू नये, उड्डाणाआधी 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडावा. तोही दर वेळी, कारण पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल जाहीर करू शकतो. काल हिरवी असलेली जागा आज तशीच असेल असं नाही.

'जमिनीपासून' या शब्दावर जव्हार-मोखाड्यात बरेच जण फसतात. रिमोटच्या पडद्यावरची उंची सहसा ड्रोन जिथून उडाला त्या जागेपासून मोजलेली असते. कड्यावरून ड्रोन उडवून तो दरीवर नेला की पडदा शंभर मीटर दाखवत राहतो, खालची जमीन मात्र कितीतरी खोल गेलेली असते. उडवणाऱ्याला वाटतं आपण हिरव्या भागात आहोत. प्रत्यक्षात ड्रोन कधीच पिवळ्यात शिरलेला असतो. घाटमाथ्यावर चित्रीकरण करणाऱ्यांनी हा हिशेब आधीच करायला हवा.

"पण पायलटला दिसेलच की." नाही दिसत. ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणारं हेलिकॉप्टर सेकंदाला सुमारे ५५ मीटर कापतं. हातभर रुंदीचा राखाडी ड्रोन नजरेस पडेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. इतक्या खाली उडणारी लहान वस्तू नियंत्रण कक्षाच्या रडारवरही सहसा येत नाही. म्हणूनच वाट सोडायची जबाबदारी नियमाने ड्रोन उडवणाऱ्यावर टाकली आहे. पंख्यांचा आवाज कानावर आला की ड्रोन लगेच खाली घ्यायचा, हेलिकॉप्टरचं चित्रीकरण करत थांबायचं नाही.

"अडीचशे ग्रॅमचं खेळणं, त्याने काय होणार?" ९ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसचा वणवा विझवणाऱ्या विमानावर असाच एक छोटा ड्रोन आदळला. पंखाला भोक पडलं आणि आग पेटलेली असताना ते विमान कामातून बाद झालं. सुदैवाने वैमानिक सुखरूप उतरले. आपल्याकडे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनसाठी वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही. पण नोंदणी क्रमांक लागतो आणि लाल भाग त्यालाही लालच असतो. लग्नाचं चित्रीकरण हा व्यवसाय आहे. त्यासाठी २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन वापरला तर प्रमाणपत्र हवंच.

चुकीच्या जागी ड्रोन आपोआप अडेल यावरही विसंबू नये. परवानगीशिवाय उड्डाणच होऊ न देणारी यंत्रणा, थेट मागोवा आणि आभासी कुंपण यांची तरतूद नियमांत आहे. पण त्यांची सक्ती केंद्र सरकारने पुढे कधी जाहीर करायची, अशी ती रचना आहे. काही कंपन्या कुंपण घालून देतात, काही देत नाहीत.

रात्री आकाशात दिवा दिसला की चोरांचा ड्रोन, हा समज मला सर्वांत जास्त घाबरवतो. २०२४च्या पावसाळ्यात पुणे, बीड, जालन्याकडे या अफवेने गावंच्या गावं जागली. आपल्या जिल्ह्यात एप्रिल २०२०मध्ये गडचिंचल्याला चोरांच्याच अफवेतून जमावाने तीन जीव घेतले. रात्रीचा दिवा विमानाचा असतो, उपग्रहाचा असतो, कधी ड्रोनचाही असतो. शंका आली तर ११२वर फोन करावा. दगड किंवा गलोल मारू नये. पडणारा ड्रोन खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर येतो.

आज जिल्ह्यात विमानतळ नाही, पण उद्या येऊ शकतो. वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं, आणि त्या परिसरात विमानतळाचाही प्रस्ताव आहे. तो उभा राहिला तर त्याच्या कुंपणापासून ५ किलोमीटरपर्यंत लाल आणि ८ किलोमीटरपर्यंत जमिनीपासूनच पिवळा भाग लागेल. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मोकळी उंची ४०० ऐवजी २०० फूट राहील. डहाणू-चिंचणीच्या चिकूवाड्यांवर फवारणीसाठी ड्रोन घेऊ पाहणाऱ्या बचत गटांनी हे आकडे आतापासून माहीत करून घ्यावेत.