दुखणार नाही, पण कळेल

दाढ ठणकू लागली की माणूस घरातले सगळे उपाय करून बघतो. लवंग धरतो. मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरतो. कोणी म्हणतो हिंग भर, कोणी म्हणतो तंबाखूची गोळी दाब. रात्रभर गाल धरून बसायची तयारी असते, पण दाताच्या दवाखान्यात जायचे म्हटले की पाऊल पुढे पडत नाही. कारण विचारावे, तर उत्तर ठरलेले. "अहो, जागेपणी काढतात म्हणे! झोपवत नाहीत."

मोतीबिंदूचेही तसेच. माणूस जागा, डोळा उघडा, आणि समोरून शस्त्र येणार, या नुसत्या कल्पनेने पुष्कळ म्हातारी माणसे शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे पुढे ढकलतात. ताटातली भाजी दिसत नाही, भिंत चाचपत चालतात, तरी "पुढच्या वर्षी बघू" म्हणतात.

ही भीती खुळी आहे असे आम्ही म्हणणार नाही. जे माहीत नाही त्याची भीती वाटणारच. जागेपणी शस्त्रक्रिया होते तेव्हा नेमके काय कळते आणि काय कळत नाही, हे आपल्याला कोणी नीट सांगतच नाही. म्हणून अशा शस्त्रक्रिया झालेल्या ओळखीच्या माणसांना आम्ही विचारत गेलो. आमचीही एक दाढ काढावी लागली होती. त्यातून जे समजले ते येथे सांगतो.

आधी भुलीविषयी. पुऱ्या भुलीत माणूस बेशुद्ध होतो, त्याला कशाचीच जाणीव नसते. दुसरी भूल जागेपुरती. तिच्यात तेवढाच भाग बधिर होतो, माणूस जागा राहतो, बोलतो, ऐकतो. दात, मोतीबिंदू, लहानसहान गाठी, पुरुषांची नसबंदी ही कामे बहुधा जागेपुरत्या भुलीवर होतात. पोटाच्या खालच्या भागाची किंवा पायाची मोठी शस्त्रक्रिया असली, तर पाठीत सुई देऊन कमरेखालचे अंग बधिर करतात. बाळंतपणात पोट उघडून मूल काढावे लागते, तेव्हाही बहुधा हीच भूल असते.

हे बधिर होणे कसे घडते? आपल्या पायात काटा मोडला, तर दुखते पायात असे आपण म्हणतो. खरे तर ते कळते डोक्यात, म्हणजे मेंदूत. पायापासून मेंदूपर्यंत बातमी नेणाऱ्या बारीक तारा शरीरात असतात. त्यांना मज्जातंतू म्हणतात. आपण खातो त्या मिठात सोडियम नावाचा पदार्थ असतो. त्याचे अतिशय सूक्ष्म कण तंतूच्या आत शिरत जातात, तेव्हा ही बातमी पुढे सरकते. बधिर करणारे औषध त्या कणांची शिरण्याची दारेच बंद करते. काट्याची तक्रार चालूच असते, पण ती वर पोचत नाही. तास दोन तासांनी रक्त ते औषध वाहून नेते आणि दारे पुन्हा उघडतात.

आता खरी मेख येथे आहे. सगळे तंतू सारखे नसतात. दुखण्याची बातमी नेणारे तंतू बारीक असतात. ते लवकर बंद पडतात. स्पर्श आणि दाब यांची बातमी नेणारे तंतू जाड असतात. ते उशिरा बंद पडतात, किंवा पुरते पडतही नाहीत. म्हणून दुखणे थांबते, पण दाबलेले, ओढलेले, हलवलेले कळत राहते. पुष्कळ माणसे घाबरतात ती येथेच. त्यांना वाटते, "अरे, मला तर कळतंय! म्हणजे औषध लागलंच नाही. आता कापल्यावर काय होणार?" होत काहीच नाही. कळणे वेगळे आणि दुखणे वेगळे.

आमची दाढ खालची होती. खालच्या दाढेसाठी जबड्याच्या मागच्या बाजूला सुई देतात. त्या सुईने त्या बाजूचा अर्धा जबडा, ओठ आणि बहुधा अर्धी जीभही बधिर होते. वरच्या दातांचे हाड सच्छिद्र असते, औषध त्यातून झिरपते, म्हणून तेथे दाताच्या शेजारी सुई दिली तरी चालते. सुई टोचली ती मात्र चांगली कळली. मग पाच मिनिटांत ओठाला मुंग्या आल्या. थोड्या वेळाने तो ओठ आपला नव्हेच, कोणी तरी चिकटवलेला आहे, असे वाटू लागले. गाल फुगून भोपळा झाला असावा म्हणून हात लावून पाहिला. गाल होता तेवढाच होता. पुढे डॉक्टरांनी पक्कड लावली आणि दाढ हलवायला सुरुवात केली. जमिनीत रुतलेली खुंटी उपटण्यापूर्वी आपण इकडून तिकडे हलवतो ना, तशी. जोर सगळा जबड्यात कळत होता. सर्वांत वाईट तो आवाज. तो कानाने बाहेरून येत नाही, हाडातून आतून येतो. करकर, करकर, आणि मग एकदा कट् झाले. आम्हाला वाटले जबडा गेला. इतक्यात डॉक्टरांनी दाढ ताटलीत टाकली. दुखले म्हणावे, तर सुईएवढेही नाही. हा आवाज येणार हे आधी कोणी सांगितले असते, तर घामाने सदरा भिजला नसता.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. दाढेखाली पू झाला असेल, सूज असेल, तर हे औषध तितके लागू पडत नाही. पू झालेल्या जागी आंबटपणा वाढतो, आणि तेथे औषध दुबळे पडते. अशा वेळी डॉक्टर दुसऱ्या जागी सुई देतात, किंवा काही दिवस गोळ्या देऊन मग दाढ काढतात. "गोळ्या देऊन परत पाठवलं, पैशासाठी खेपा घालायला लावतात," असे आपण लगेच बोलतो. आणि पुष्कळदा सूज चढल्यावरच आपण दवाखान्यात जातो, हेही खरे.

सुईनंतर दोन मिनिटे छातीत धडधडते, तेही ऐकून ठेवा. औषध त्याच जागी जास्त वेळ टिकावे आणि रक्त कमी वाहावे म्हणून त्यात दुसरे एक औषध घातलेले असते. त्याने धडधड होते आणि थांबते. ज्यांना हृदयाचा विकार किंवा रक्तदाब आहे, ज्या बाई गरोदर आहेत, जे रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेतात, किंवा ज्यांना पूर्वी एखाद्या सुईने त्रास झाला होता, त्यांनी हे सारे आधीच सांगावे.

या औषधांपूर्वी माणसांचे काय होत असेल, याचा विचार करवत नाही. सुश्रुताच्या ग्रंथात शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला मद्य पाजावे असे सांगितले आहे. तेवढाच आधार. आपल्या पुण्याजवळची एक हकीकत आहे. कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभराने पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. ही हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात चित्रासह छापून आली, आणि पुढे युरोपातले डॉक्टर त्यावरून शिकले. त्या कारागिराच्या हाताची तारीफ सगळे करतात. आम्हाला मात्र कावसजीच दिसतो. तेव्हा ना ईथर होते, ना क्लोरोफॉर्म, ना बधिर करणारी सुई.

फ्रान्सची राजधानी पॅरिस. तेथे १८११ साली फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेचा एक स्तन जागेपणी कापून काढावा लागला. तोंडावर एक पातळ रुमाल टाकला होता, त्यातून तिला शस्त्राची चमक दिसली. पुढे तिने हे सारे बहिणीला पत्राने कळवले. ते लिहायलाच तिला कित्येक महिने लागले, कारण आठवले की तिला लिहवत नसे. त्यानंतर ती २८ वर्षांहून अधिक जगली.

अमेरिकेतील बॉस्टन शहरात १८४६ साली मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथर हुंगवून रोग्याला लोकांसमोर बेशुद्ध केले, तेव्हा हे दिवस पालटले. म्हणजे पुरी भूल जगापुढे आणणारा माणूस दात काढणाराच होता. जागेपुरती भूल त्यानंतर आली. दक्षिण अमेरिकेत कोका नावाचे झुडूप आहे. त्याच्या पानांपासून काढलेले कोकेन जिभेला लागले की जीभ बधिर होते. व्हिएन्ना शहरातील कार्ल कोलर या तरुण डॉक्टरांनी १८८४ साली त्याचे थेंब डोळ्यात टाकून पाहिले. आधी जनावरांच्या, मग स्वतःच्या. बधिर डोळ्यावर शस्त्रक्रिया होऊ लागली ती तेव्हापासून. कोकेनचे व्यसन लागते, म्हणून शास्त्रज्ञांनी पुढे दुसरी औषधे शोधली. १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालेले लिग्नोकेन आज आपल्याकडच्या दवाखान्यांत सर्वत्र वापरतात.

या औषधांच्या जोरावर एका माणसाने काय केले ते ऐका. १९६१ साली लिओनिद रोगोझोव्ह हे २७ वर्षांचे रशियन डॉक्टर दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात एका ठाण्यावर होते. त्यांचेच आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, सुजले. ठाण्यावर दुसरा डॉक्टर नाही, आणि वादळामुळे विमान येऊ शकत नाही. त्यांनी आपल्या पोटाला बधिर करणारी सुई दिली आणि स्वतःच पोट उघडून अपेंडिक्स काढले. मदतीच्या माणसाने आरसा आणि दिवा धरला होता. अधूनमधून थांबत, घेरी सावरत, पावणेदोन तासांत त्यांनी काम पुरे केले. सुमारे दोन आठवड्यांनी ते पुन्हा कामावर आले.

आता पाठीतल्या सुईकडे वळू. तिच्याविषयी बायकांमध्ये फार बोलले जाते. "त्या सुईनंच माझी कंबर कायमची गेली." पाठीच्या कण्यातून जाणारी मज्जारज्जू कमरेच्या वरच्या बाजूलाच संपते. सुई देतात ती त्याच्याखाली. टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते, पण वर्षानुवर्षे दुखणारी कंबर या सुईने दुखते असे तपासण्यांत आढळलेले नाही. बाळंतपणानंतर कंबर दुखायला दुसरी कारणे पुष्कळ असतात. काही जणांचे डोके मात्र या सुईनंतर दुखते, आणि उठून बसले की जास्त दुखते. ही भूल १८९८ साली जर्मनीत प्रथम देणारे डॉक्टर ऑगस्ट बीअर यांनी ती स्वतःवर करून पाहिली, तेव्हा त्यांचेही डोके कित्येक दिवस दुखत होते. आता सुया फार बारीक निघाल्या आहेत, त्यामुळे हा त्रास कमी झाला आहे.

एका बाईंनी आम्हाला आपले बाळंतपण सांगितले. आधी पाय उबदार लागले, मग जड झाले, मग उचलता येईनात. डॉक्टरांनी गार बोळा लावून विचारले, "गार लागतंय का?" नाही म्हटल्यावर छातीपुढे पडदा धरला. "पेटीत तळाशी ठेवलेलं लुगडं शोधताना कपडे कसे वरखाली करतो, तसं कुणी माझ्या पोटात करत होतं. दुखत नव्हतं, पण जीव घाबरा झाला. थंडी वाजून दात वाजत होते. आणि मग पडद्याच्या पलीकडून तिचं रडणं आलं." थंडी वाजणे, मळमळणे, हे या भुलीत पुष्कळांना होते. सांगितले की डॉक्टर त्यावर औषध देतात.

मोतीबिंदू काढलेल्या एका शेतकऱ्याने सांगितले, की शस्त्र दिसलेच नाही. दिवे दिसले, आणि पाण्यात रंग कालवावे तसे काही तरी हलताना दिसले. त्याला खोकला होता आणि तो त्याने आधी सांगितला नव्हता. खोकल्याने डोके हलेल या धास्तीने बिचारा सारा वेळ श्वास कोंडून पडला होता.

आता एक कडू गोष्ट. दुसऱ्या एका बाईंची सुई नीट लागू पडली नव्हती. कापताना दुखले. त्या म्हणाल्या, "दुखतंय." तर उत्तर आले, "गप्प पड, काही नाही होत." त्या गप्प राहिल्या. या गोष्टीला पंधरा वर्षे झाली, अजून दवाखान्याच्या वासाने त्यांच्या पोटात गोळा येतो. हे व्हायला नको होते, आणि याला इलाज होता. औषध वाढवता येते, दुसरे देता येते, अगदी गरज पडली तर पुरी भूल देऊन झोपवता येते. त्यासाठीच भूल देणारे डॉक्टर उशाशी असतात. त्यांना पहिल्यांदाच विचारून ठेवावे, "दुखलं तर कसं सांगू?" दातांच्या खुर्चीत तोंड उघडे असते, बोलता येत नाही. तेथे डावा हात वर करायची खूण ठरवावी. आणि सांगताना कळतंय म्हणू नये. कळणारच आहे. चिमटा काढल्यासारखे किंवा चिरल्यासारखे होत असेल, तर स्पष्ट म्हणावे, "दुखतंय, थांबा."

जेवणाचेही विचारून घ्यावे. पाठीतल्या सुईपूर्वी आणि पुऱ्या भुलीपूर्वी डॉक्टर सांगतील तितके तास उपाशी राहायचे असते. चोरून चहादेखील घेऊ नये. नुसता दात काढायचा असेल तर मात्र बहुधा थोडे खाऊन जायला सांगतात, नाही तर भीती आणि रिकामे पोट मिळून माणसाला खुर्चीतच घेरी येते.

काम झाल्यावर बधिरपणा हळूहळू उतरतो. पाठीतली सुई असेल तर बोटे हलू लागतात, पायांना मुंग्या येतात. मग जखम दुखू लागते. दुखणे जोर धरण्याआधीच नर्सबाईंना सांगून औषध घ्यावे. पाय आले असे वाटले, तरी एकट्याने खाटेवरून उतरू नये. दात काढला असेल तर ओठ दोन-चार तास तरी परका राहतो. तोवर गरम चहा पिऊ नये, कारण भाजलेले कळत नाही. लहान मुले तो बधिर ओठ गंमत म्हणून चावत बसतात आणि रक्त काढतात. मुलाला नुसते सांगून भागत नाही. ओठ पुन्हा त्याचा होईपर्यंत कोणी तरी त्याच्याजवळ बसावे लागते.