असीरगडाच्या वाटेवरचा शिंजीर

बुऱ्हाणपूरहून असीरगडाकडे जाताना फुललेल्या पळसावर बोटभर काळा पक्षी दिसला, की अनेकजण ‘हमिंगबर्ड’ म्हणतात. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. हा आपला शिंजीर, जांभळा सूर्यपक्षी. लांबी जेमतेम १० सेंटिमीटर. हमिंगबर्ड हवेत तरंगत मध पितो, हा बहुधा फांदीवर बसूनच बाकदार चोच फुलात घालतो.

विणीच्या काळातला नर सावलीत काळा, पण उन्हात वळला की निळा-जांभळा झळाळतो. ही झळाळी पिसांच्या सूक्ष्म रचनेतून येते. खरी फसगत वीण सरल्यावर होते. तेव्हा नर मादीसारखाच पिवळट दिसतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी उरते. दुर्बिणीतून आधी तीच शोधा. मादीला ती नसते.