पंच्याऐंशी हजारांची पद्मिनी

सकाळी व्हॉट्सअॅप उघडलं की आधी देवांचे फोटो येतात, मग जुन्या गाड्यांचे. खाली एकच ओळ असते, 'मिस्तरी, ही कशी वाटते?' धुळ्यात आग्रा रोडला माझं गॅरेज आहे. हात फियाटवर बसला, म्हणून शिरपूरपासून जळगावपर्यंत कुणाला जुनी गाडी घ्यायची हौस आली की फोटो माझ्याकडे येतो. पूर्वी लोक गाडीच घेऊन यायचे. आता गाडी कुठे उभी आहे ते कुणालाच ठाऊक नसतं, फोटो मात्र झकास असतो.

मध्यंतरी एकच जाहिरात मला चार जणांनी पाठवली. '१९६९ ची प्रीमियर पद्मिनी, फर्स्ट ओनर, जळगाव पासिंग, सगळं ओरिजिनल, ८५ हजार, अर्जंट.' पांढरीशुभ्र गाडी, क्रोमला चेहरा दिसेल असं पॉलिश. मी फोटो मोठा करून बघितला आणि हसू आलं.

पद्मिनी हे नाव १९७४ चं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून त्याआधी निघायची ती फियाट ११०० डिलाइट. मग दोनेक वर्षं प्रीमियर प्रेसिडेंट, आणि त्यानंतर पद्मिनी. १९६९ ची पद्मिनी म्हणजे जन्माआधी बारसं. पाटी बघितली तर एमएच-१९, पुढे इंग्रजी दोन अक्षरं आणि चार आकडे. एमएचच्या पाट्या १९८९ नंतरच्या. त्याआधी तीन अक्षरं आणि आकडे असायचे. पहिल्याच मालकाकडे १९६९ पासून असलेल्या गाडीला ही पाटी बसेल कशी? खिडकीतून आतला गिअर दिसत होता, तोही खाली, दोन सीटांच्या मध्ये. या गाडीचा गिअर स्टीअरिंगच्या दांड्याला असतो. खालचे गिअर आले ते अगदी शेवटच्या वर्षांत. आणि गाडीमागे नारळाची झाडं, जांभ्या दगडाचं कुंपण. आमच्या जळगावात जांभा कुठून यायचा? फोटो कोकणातला नाहीतर गोव्याकडचा, गाडी कुणा तिसऱ्याची, पाटी संगणकावर चिकटवलेली.

पण हे सगळं नसतं तरी मला संशय आलाच असता, कारण जाहिरातीतल्या गाडीला एकही दुखणं नव्हतं. ज्याच्या दारात खरोखर पन्नास वर्षांची गाडी उभी आहे तो माणूस आधी रडगाणं गातो. तिसरा गिअर निसटतो, डाव्या दाराखाली पत्रा खाल्लाय, कार्ब्युरेटर कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणलाय, आरसीची मुदत गेली, वडील गेल्यावर नावावर करायची राहिली. आणि एवढं सांगून वर भाव कमी करत नाही! जुन्या गाडीचा खरा मालक विकायला निघालेला असला तरी त्याला ती विकायची नसते. घाई असते ती ठगाला.

या गाड्यांचं वेड आपल्याकडे नवं नाही. १९५४ च्या गोलमटोल फियाटला लोक 'डुक्कर फियाट' म्हणायचे, तरी लग्नात नवरदेव तिच्यातच बसायचा. केळीचा, कापसाचा पैसा हातात आला की दारात फियाट नाहीतर अॅम्बेसेडर यायची. अॅम्बेसेडर २०१४ मध्ये बंद झाली, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तेव्हा पेपरात फोटो छापून आले आणि माझ्याकडच्या चौकश्या एकदम वाढल्या. ज्यांनी वडिलांची गाडी वीस वर्षांपूर्वी भंगारात घातली होती, तेच आता तसलीच शोधत होते. ठगांनाही पेपर वाचता येतो.

सावद्याकडचे एक केळीचे बागायतदार, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, त्यांना पद्मिनी हवी होती. वडिलांच्या गाडीसारखी, फिक्कट निळी. मोबाइलवर सापडली. विकणारा म्हणाला, 'फौजी आहे, देवळालीला होतो, जम्मूला बदली झाली, गाडी भुसावळला युनिटमध्ये ठेवलीय.' भुसावळला आयुध निर्माणी आहे, देवळालीला तोफखान्याचं केंद्र, त्यामुळे आमच्या भागात हे कुणालाही पटतं. वर्दीतला फोटो, आधार कार्ड, कॅन्टीन कार्ड, सगळं पाठवलं. ही कागदपत्रं बहुतेक वेळा खरीच असतात, फक्त ती दुसऱ्याच कुणाची असतात. आधी फसलेल्या माणसाने विश्वासाने पाठवलेली.

मग सुरू झालं. गेटपासचे २,१५०. 'परत मिळतील, आप्पा.' ते भरले. गाडी कंटेनरवर चढवल्याचा फोटो आला आणि मागोमाग वाहतूक विम्याचे ८,४००. मग 'पेमेंट अडकलंय, तेवढीच रक्कम पुन्हा टाका म्हणजे दोन्ही सुटतील.' शेवटी ड्रायव्हरचा फोन, मी वरणगाव फाट्यावर उभा आहे, जीएसटीची पावती नसेल तर गाडी परत नेतो. आप्पांनी तोवर ४१ हजार घातले होते. आप्पा अडाणी नाहीत. केळीचा भाव दलालाशी घासून घेणारा माणूस आहे. पण प्रत्येक नवी रक्कम आधीची वाचवण्यासाठी भरायची असते, तिथे हिशेब चालत नाही. माझ्याकडचा पोऱ्या साक्रीकडचा. सगळं ऐकून त्याने अहिराणीत एवढंच विचारलं, 'पन गाडी दखी का, दादा?' आप्पा बिचारे गप्पच झाले.

हा धंदा एकट्यादुकट्याचा नाही. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणा पोलिसांनी नूंह जिल्ह्यातल्या १४ गावांवर एकाच रात्री सुमारे पाच हजार पोलीस घालून छापे टाकले. तिथल्या टोळ्यांचा देशभरातल्या सुमारे २८ हजार प्रकरणांशी आणि १०० कोटींच्या आसपास फसवणुकीशी संबंध असल्याचं पोलिसांनी नंतर सांगितलं. खोट्या नावाची सिमकार्डं, भाड्याने घेतलेली बँक खाती आणि वस्तू विकायच्या जाहिराती हे त्यांचं भांडवल. बाहेर देशांतही तेच. रुमानियात रम्निकू वल्चा नावाचं एक शहर आहे. न दिसलेल्या गाड्या ऑनलाइन लिलावात अमेरिकन लोकांना विकून ते जगभर बदनाम झालं. तिथे गेटपासऐवजी 'मधला विश्वासू मध्यस्थ' असतो, ज्याच्याकडे पैसे ठेवायचे. मध्यस्थ आणि विकणारा एकच.

फौजी गाड्यांचा मोह वेगळाच. जबलपूरच्या कारखान्यात लष्करासाठी बनलेली जोंगा म्हटलं की आमच्याकडच्या पोरांचे डोळे चमकतात. लष्कराने काढून टाकलेल्या गाड्या सामान्य माणसाला मिळतात, नाही असं नाही. पण त्या लिलावातून, एमएसटीसीसारख्या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात बोली लावून. कुठलाही जवान युनिटची गाडी मोबाइलवरून विकत नाही.

कागदांचं मात्र जरा सबुरीने घ्यावं लागतं. नंबर टाकून परिवहनच्या अॅपवर गाडी बघा, असं सगळे सांगतात, मीही सांगतो. नंबर स्कूटरचा निघाला किंवा गाडीचं वर्षच वेगळं दिसलं तर तिथेच थांबायचं. पण जुन्या गाडीचा नंबर अॅपवर न सापडणं म्हणजे लगेच फसवणूक नव्हे. कितीतरी जुन्या नोंदी आरटीओच्या वहीत होत्या, संगणकात चढल्याच नाहीत. त्याला आमच्याकडे 'बॅकलॉग करायचं' म्हणतात. मूळ आरसी घेऊन आरटीओत खेटे घालावे लागतात. खरा मालक या खेट्यांबद्दल तासभर बोलू शकतो. ठग म्हणतो, 'पेपर क्लिअर.' नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर २८ ची एनओसी, कर्ज असेल तर ३५. त्यावर कुणाच्या सह्या हे विचारलं की बहुतेक 'फौजी' फोन ठेवतात.

हल्ली जाहिरातीत 'व्हिंटेज रजिस्टर्ड' असंही लिहितात. हा नियम केंद्राने जुलै २०२१ मध्ये आणला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, रोजच्या किंवा धंद्याच्या वापरात नसलेली गाडी त्यात बसते. नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पाटीवर व्हीए ही अक्षरं. प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची. म्हणजे १९७४ च्या पहिल्या पद्मिनी आत्ता कुठे त्यात बसायला लागल्या. १९८५ च्या पद्मिनीला कुणी व्हिंटेज पाटी दाखवली तर त्याला नमस्कार करून निघा.

विकणाराही सुटत नाही. जुनी जीप विकायला टाका, पाच मिनिटांत 'फौजी' गिऱ्हाईक येतं, भाव न करता हो म्हणतं आणि 'पैसे घ्यायला' क्यूआर कोड पाठवतं. पैसे घ्यायला ना कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो. भाव न करता जुनी गाडी घेणारा माणूस खान्देशात मला अजून भेटलेला नाही.

आप्पांनी आपली गोष्ट सांगितली, त्याच संध्याकाळी मी त्यांना १९३० ला फोन करायला लावला. हा केंद्रीय गृहमंत्रालयाचा सायबर फसवणुकीचा नंबर. तक्रार लगेच गेली तर ज्या खात्यात पैसे उतरले तिथे ते रोखता येतात. पैसे मिनिटामिनिटाला पुढच्या खात्यात सरकत असतात, म्हणून आधी फोन, मग रडणं. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम, समोरचा नंबर, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, हे हाताशी हवं. नंतर सायबर पोलीस ठाणे. आप्पांच्या शेवटच्या हप्त्यातले साडेअकरा हजार वाटेत अडकले, बाकीचे गेले. चॅट त्यांनी रागाने पुसून टाकलं होतं, ते ठेवलं असतं तर पोलिसांचं काम सोपं झालं असतं.

आप्पांची हौस मात्र फिटलेली नाही. चोपड्याला एका निवृत्त मास्तरांकडे निळी पद्मिनी आहे म्हणतात. फोन केला तर मास्तरांनी पहिल्यांदा माझीच उलटतपासणी घेतली: घेणारा कोण, कुठे ठेवणार, लग्नाला भाड्याने तर नाही ना देणार? फोटो मागितला तर म्हणाले, फोटोबिटो नाही, बघायची तर घरी या, आणि येताना बॅटरी घेऊन या, माझी उतरलीय.