पाटा, शॅकल आणि वेल्डिंग: जुन्या पिकअपच्या सस्पेंशनविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिवडीच्या कारखान्यात जनरल मोटर्सने १९२८ ते १९५४ या काळात शेवरोलेच्या गाड्या आणि ट्रक जुळवले. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईतच विलिस जीप जुळवायला घेतल्या आणि जीपच्या घराण्यातली मालवाहू वाहनंही पुढे आपल्या रस्त्यांवर आली. त्या पिढीतला एखादा पिकअप आजही गिरणीच्या आवारात नाहीतर गोठ्याच्या पडवीत धूळ खात उभा असलेला सापडतो. तो पुन्हा रस्त्यावर आणायचा ध्यास घेतलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत. इंजिनाचं काम करणारा मिस्त्री मिळतो, पत्रा ठोकून देणारा कारागीर मिळतो. काम अडतं ते गाडीच्या पोटाखाली. शॅकल, म्हणजे पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) संचाचं एक टोक चासीला जोडणाऱ्या डुलत्या कड्या, झिजून गेलेले, दुसरं टोक पक्कं धरणारं हँगर तडकलेलं, दोन पाटे तुटलेले आणि बाजारात त्या मापाचं काहीच नाही. मग भाग बनवून घेण्यावाचून इलाज उरत नाही.

इथेच सल्ल्यांचा पाऊस पडतो. त्यातले बरेच सल्ले वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये चालत आलेले असल्यामुळे खरे वाटतात. त्यांच्यामागची चूक मात्र बहुतेक वेळा एकच असते. जुन्या भागाचा आकार हुबेहूब उतरवला की भाग तयार झाला, असं आपण धरून चालतो. सस्पेंशनमध्ये काही भाग वाकायचे असतात, काही ताठ राहायचे असतात, तर काही डुलायचे असतात. जुना भाग यातलं कोणतं काम करत होता हे कळल्याशिवाय नवा बनवता येत नाही.

गैरसमज १: तुटलेला पाटा वेल्डिंग केला की काम भागतं.

वस्तुस्थिती: पाटा वेल्डिंगने जोडता येतो, पण तो पाटा म्हणून चालत नाही.

आपल्याकडे पाट्यांसाठी सर्रास वापरलं जाणारं ईएन ४५ हे पोलाद घ्या. त्यात साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त कार्बन असतो, शिवाय सिलिकॉन आणि मँगनीज. पट्टी ८५० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात विझवतात आणि मग साधारण ४०० ते ५५० अंशांवर पुन्हा तापवून तिचा ठिसूळपणा काढतात. गावचा लोहार विळ्याला पाणी देतो, त्याच जातीचं हे काम आहे. पाट्याची सगळी ताकद या दोन पायऱ्यांत आहे.

वेल्डिंगची ज्योत ही मेहनत एका मिनिटात पुसून टाकते. सांध्यालगतचं पोलाद लाल होतं आणि आजूबाजूचा थंड पाटा त्यातली उष्णता झपाट्याने ओढून घेतो, त्यामुळे तेवढा पट्टा काचेसारखा ठिसूळ होतो. त्याच्या पलीकडचा पट्टा अर्धवट तापून मऊ पडतो. ठिसूळ आणि मऊ शेजारी शेजारी बसले आणि वर प्रत्येक खड्ड्याला वाकणं आलं, की तडा जाणारच. शिकाऊ असताना मी स्वतः असा एक मेन (टोकांना डोळे असलेला मुख्य) पाटा जोडून दिला होता. वेल्डिंग सुरेख दिसत होतं आणि ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. पाटा तुटला तो वेल्डिंगच्या बरोबर शेजारी. गाडीत माणसं होती, रस्ता सपाट होता म्हणून निभावलं. तेव्हापासून पाट्याला वेल्डिंगची कांडी लावलेली नाही.

गाडी खाली बसवण्यासाठी किंवा उचलण्यासाठी गॅसने पाटा तापवून वाकवणं हाही याच चुकीचा धाकटा भाऊ. उपाय एकच: रुंदी, जाडी, लांबी, डोळ्याचा, म्हणजे टोकाला वळवलेल्या भोकाचा, व्यास आणि कमानीची उंची मोजून पाटेवाल्याकडून नवा पाटा करून घ्यायचा. जाडी मोजताना गंजलेली जागा टाळावी. एक्सलच्या बैठकीखाली दाबलेला मधला भाग बहुधा शाबूत असतो, तिथलं माप घ्यावं.

गैरसमज २: जास्त कडक पाणी दिलं की पाटा जास्त भार उचलतो.

वस्तुस्थिती: पाणी देण्याने पाट्याची सहनशक्ती वाढते, म्हणजे तो किती वाकून पुन्हा सरळ येईल ते ठरतं. ठरावीक भाराखाली तो किती वाकेल, हे त्याने बदलत नाही. पोलाद मऊ असो वा कडक, त्याचा ताठपणा जवळजवळ तोच राहतो. पाट्याचा ताठपणा मापावरून ठरतो आणि त्यात जाडीचा वाटा फार मोठा असतो. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, जाडी दुप्पट केली तर आठपट. सहा मिलिमीटरच्या जागी सात मिलिमीटरची पट्टी घातली, तर तो एकटा पाटा जवळजवळ साठ टक्क्यांनी ताठ होतो.

म्हणून "सहाची नाही मिळाली, सातची टाकली" हे वाक्य ऐकलं की काळजी वाटते. सगळा संच असा बनवला तर मोकळी गाडी पाट्यावर झोका घेतच नाही. खड्ड्याचा दणका सरळ हँगरवर आणि चासीवर जातो आणि काही महिन्यांनी चासीला तडे दिसू लागतात. मालक चासीला दोष देतो, पण चूक पाट्याच्या त्या एका मिलिमीटरची असते.

गैरसमज ३: ब्रॅकेट जितक्या कडक लोखंडाचं, तितकं चांगलं.

वस्तुस्थिती: मोडलेल्या पाट्याचे तुकडे कापून त्यांचीच ब्रॅकेट आणि शॅकलच्या पट्ट्या बनवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. "पाट्याचं लोखंड आहे, कधी वाकायचं नाही" हा त्यामागचा हिशेब. ते वाकत नाही हे खरंच आहे, म्हणूनच ते तुटतं. वेल्डिंग केलं की पहिल्या गैरसमजात सांगितलेली सगळी गोष्ट तिथे पुन्हा घडते.

चासीला वेल्ड होणाऱ्या किंवा वाकवून आकार द्यायच्या ब्रॅकेटला साधं माइल्ड स्टील बरं. आयएस २०६२ प्रतीची ई २५० प्लेट सहज मिळते. तिची ताकद पाट्याच्या पोलादाच्या पाव हिश्शाच्या आसपास असते, म्हणून जाडी जास्त घ्यावी लागते. पण ती नीट वेल्ड होते आणि भार जास्त झाला तर आधी वाकून इशारा देते. गॅसने कापलेली खडबडीत कड घासून गुळगुळीत करावी, भोकं ड्रिलने पाडावीत आणि आतले कोपरे काटकोनात न कापता गोलाई देऊन कापावेत. तड्याला सुरुवात करायला एक खाच पुरते.

गैरसमज ४: शॅकल पाच सेंटीमीटर लांब केला की गाडी पाच सेंटीमीटर उचलते, बाकी काही बदलत नाही.

वस्तुस्थिती: पाट्याचं एक टोक हँगरमध्ये पक्कं असतं आणि शॅकल दुसऱ्या टोकाला असतो. एक्सल साधारण मध्यावर असल्यामुळे गाडी उचलते ती निम्मी, अडीच सेंटीमीटर. आणि बाकी पुष्कळ काही बदलतं.

विलिस घराण्याच्या जुन्या जीपगाड्यांत पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की पाटा पुढे झुकतो आणि त्याच्याबरोबर एक्सलही. पुढचं चाक ज्या खिळीभोवती वळतं त्या किंगपिनचा माथा थोडा मागे कललेला असतो, त्या कलाला कॅस्टर म्हणतात. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं ते या कलामुळे. या गाड्यांत तो जेमतेम तीन अंश आहे. आता ढोबळ हिशेब करा. पाटा साधारण ९० सेंटीमीटरचा आणि त्याचं एक टोक पाच सेंटीमीटर खाली गेलं, तर तो तीन अंशांहून थोडा जास्त झुकतो. म्हणजे सगळाच्या सगळा कॅस्टर संपला. मग गाडी सरळ रस्त्यावर भरकटते आणि मालक स्टिअरिंग बॉक्स उघडत बसतो.

मागच्या बाजूला शॅकल मागच्या टोकाला असतो. तो लांब केला की डिफरन्शिअलचं तोंड वर वळतं. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) समान कोनात असतील तर शाफ्ट गुण्यागोविंदाने फिरतो. हा समतोल बिघडला की थरथर सुरू होते आणि क्रॉस लवकर जातात. उंची बदलायचीच असेल तर कोन मोजून पाटा आणि एक्सलची बैठक यांच्यामध्ये नेमक्या उताराची पाचर बसवावी लागते. आधीच्या उंचीवर समाधान असेल, तर शॅकल मूळ मापाचाच बनवावा.

गैरसमज ५: शॅकल डुलतो म्हणजे तो सैल आहे. आवळून टाका.

वस्तुस्थिती: भार आला की कमान सपाट होते आणि पाट्याची लांबी वाढते. वाढलेल्या लांबीला जागा द्यायला शॅकल डुलतो, त्याचं कामच ते आहे. तो जखडला तर पाटा वाकू शकत नाही आणि सगळा ताण डोळ्यावर येतो.

रबरी बुश असतील तर गाडी चाकांवर, स्वतःच्या वजनाने बसलेली असताना शेवटचा आवळ द्यावा. रबर घसरत नाही, पीळ खाऊन काम करतं. चाकं हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली ठेवताच बुशला कायमचा पीळ पडतो आणि ते लवकर फाटतं. जुन्या विलिस गाड्यांत यू आकाराचे, आट्यांच्या बुशमध्ये फिरणारे शॅकल असतात. त्यांना वेळेवर ग्रीस लागतं आणि त्यातल्या काहींच्या एका टोकाला उलटे आटे असतात. उघडत नाही म्हणून पाइप लावून जोर देण्याआधी आटे कोणत्या हाताचे आहेत ते पाहावं.

गैरसमज ६: पाट्यांचा संच एक्सलला सेंटर बोल्ट धरून ठेवतो.

वस्तुस्थिती: पाट्यांच्या मधोमध आरपार जाणारा सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो. पाटे एक्सलवर घट्ट दाबून धरतात ते यू-बोल्ट. ते सैल झाले की पाटा नेमका सेंटर बोल्टच्या भोकापाशी वाकू लागतो आणि तिथेच तुटतो. तिथे तुटलेला पाटा दिसला तर आधी यू-बोल्टकडे संशयाने पाहावं. एकदा ताणून आवळलेले जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. नवे करताना साधा सळईचा तुकडा वाकवून आटे पाडू नयेत, त्याला ताकदीचं पोलादच हवं. गाडी काही किलोमीटर भारासह चालवून ते पुन्हा आवळावेत.

गैरसमज ७: शॉकअप गाडीचं वजन धरतात.

वस्तुस्थिती: वजन पाटे धरतात. शॉकअप पाट्याची उसळी शमवतो आणि ती शक्ती उष्णतेत घालवतो. बसलेली गाडी कडक शॉकअपने उभी राहत नाही.

गैरसमज ८: गंज लागू नये म्हणून पाटे आणि बोल्ट क्रोम करून घ्यावेत.

वस्तुस्थिती: ॲसिडने साफ करताना आणि मुलामा चढवताना पोलादात हायड्रोजन शिरतो. माइल्ड स्टीलला त्याचा फारसा त्रास नाही, पण पाट्याच्या किंवा उच्च ताकदीच्या बोल्टच्या कडक पोलादात तो आतून ठिसूळपणा आणतो. असा बोल्ट आवळल्यानंतर काही तासांनी, कुणी हात न लावता तुटू शकतो. मुलाम्यानंतर लगेच भट्टीत बराच वेळ शेकणं हा त्यावरचा उपाय, पण तो नेमाने करणारा कारखाना हवा. जुन्या पिकअपला काळा रंग आणि वेळच्या वेळी निगा पुरेशी आहे.

गैरसमज ९: गाडी माझी आहे, खाली काहीही बदललं तरी चालेल.

वस्तुस्थिती: मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम निर्मात्याने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, पण गाडी मूळ रूपात असावी आणि तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, या अटीवर. मूळ मापाचा, मूळ काम करणारा भाग नव्याने घडवणं हा गाडीचा आदर आहे. चासी कापून दुसऱ्या गाडीचं सस्पेंशन खाली बसवणं म्हणजे ती गाडीच बदलणं.

काम सुरू करताना

काहीही खोलण्याआधी गाडी सपाट फरशीवर उभी करा. पाट्याच्या प्रत्येक डोळ्यापासून आणि एक्सलच्या दोन्ही टोकांपासून ओळंबा सोडून फरशीवर खुणा करा, मग दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर चासी किंवा एक्सल गुण्यात नाही आणि तुम्ही कितीही अचूक ब्रॅकेट बनवलं तरी गाडी तिरकी चालेल. नवे भाग लावून थोडं चालवल्यावर वेल्डिंगवर लाल रंगाची डाय पेनिट्रंट तपासणी करून घ्या. तडा असेल तर तो पांढऱ्या लेपावर लाल रेघ बनून दिसतो.

आणि जुने भाग भंगारात देऊ नका. शॅकलचं भोक कोणत्या बाजूने लांबट झालं आहे, पाट्याची कोणती जागा घासून चकाकते आहे, हँगरला तडा कुठून सुरू झाला, हे नीट पाहा. पन्नास-साठ वर्षं त्या भागाने कोणता भार कोणत्या दिशेने सोसला, त्याची नोंद त्या झिजेत आहे. ती वाचून मगच लेथवाल्याकडे आणि पाटेवाल्याकडे जावं. नव्या भागाच्या भरवशावर उद्या त्या पिकअपच्या हौद्यात माणसं बसणार आहेत.