कथेच्या शेजारी

सकाळचे पावणेआठ वाजलेत आणि मी ओट्यापाशी बटाट्यात निब खुपसून उभी आहे. निब कोरी आहे. गंजू नये म्हणून कारखान्यातच तिला तेलकट थर दिलेला असतो, आणि तो आहे तोवर ती शाई धरत नाही. शाईचा गोळा होतो आणि नको तिथे कागदावर पडतो. कुणी निब काडीच्या ज्योतीवरून फिरवतं, कुणी थुंकी लावून पुसतं. माझा भरवसा बटाट्यावर. दोन मिनिटांनी निब उपसायची, मऊ फडक्यानं पुसायची, टाकाला लावायची. बटाट्याचा तेवढा काप काढून टाकायचा, उरलेला दुपारी भाजीत.

पाऊस जरा ओसरलाय. डोंबिवली या वेळी सगळी स्टेशनच्या दिशेनं चालत असते. तिसऱ्या मजल्यावरून मला माणसं दिसत नाहीत, छत्र्या दिसतात, आणि छत्र्यांच्या कडेनं बाहेर आलेले डब्यांच्या पिशव्यांचे बंद. तासाभरात गल्ली रिकामी होईल. मग खिडकीतून येणारा हा ढगाळ उजेड माझ्या एकटीचा. आभाळ असं भरलेलं असलं की लिहित्या हाताची सावली कागदावर पडत नाही. रेषेचं काम करणाऱ्याला याहून चांगली सकाळ मिळत नाही.

टेबलावर कथा आहे, अकरा पानांची, दिवाळी अंकाची. लोकांची दिवाळी आश्विनात, आमची आषाढ-श्रावणात. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हाही चित्रं काढणारा कुणीतरी असाच बाहेर पाऊस ऐकत बसला असेल, असं मला दर वर्षी वाटतं. कथा ईमेलनं येते, पण मी तिची प्रत छापून घेते. पहिल्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेत नाही, हा माझा नियम. तेवढं एक वाचन निव्वळ माझं. लेखकानं लिहिली, संपादकांनी वाचली आणि तिसरी मी. बाकी महाराष्ट्राच्या हातात ती पडायला अजून दोन-अडीच महिने आहेत. इतक्या वर्षांत हे सुख जुनं झालेलं नाही. मागच्या वर्षीच्या एका अंकाचं मानधन अजून आलेलं नाही, त्याचा फोन उद्या करीन. आज ही कथा आहे.

कथेत एक बाई आहे. चाळीत राहते. मुलगा रात्रीच्या गाडीनं घर सोडून गेलाय, भांडून. ती त्याला थांबवत नाही. गाडीची वेळ होते, टळून जाते, आणि बाई सूप घेऊन बसते. दुपारीच निवडून, पाखडून डब्यात भरून ठेवलेले तांदूळ पुन्हा सुपात ओतते आणि पाखडायला लागते. लेखकानं यावर दोनच वाक्यं लिहिलीत आणि पुढे निघून गेलाय. मी तिथंच थांबलेय, कालपासून.

जागा आहे पानाचा वरचा तिसरा हिस्सा. सोमवारपर्यंत द्यायचंय.

काल रात्री काढलेलं चित्र समोर आहे. चुकलंय. पदर बरा आहे, बसण्यातला थकवाही आलाय, पण हात खोटे आहेत. बाईनं सूप धरलंय ते ट्रे धरावा तसं. हे मी आठवणीनं काढलं, आणि आठवण म्हणजे पुष्कळदा आपण आधी पाहिलेली चित्रंच असतात. माझ्या आईला मी हजारदा पाखडताना पाहिलंय. कागदावर तिची बसण्याची ढब उतरते, सुपाचा आवाज कानात येतो, तिची बोटं मात्र आठवत नाहीत. मी इतकी वर्षं त्या हातांकडे पाहिलंच नव्हतं.

दहाच्या सुमाराला भिंतीपलीकडून आवाज येतो. सप्प, सप्प, सप्प, मग टकटक, मग परत सप्प. मी वही आणि पेन्सिल उचलते आणि चप्पल न घालताच शेजारचं दार वाजवते.

"उघडंच आहे गं!" आतून काकू.

आज श्रावणातला शुक्रवार. दारातून आत गेल्या गेल्या समोरच्या भिंतीवर जिवतीचा कागद, त्याला आघाड्याची माळ आणि कापसाचं वस्त्र. वर नरसिंह आणि कालियामर्दन, मधे पोरांनी वेढलेल्या जिवत्या, खाली हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती. या कागदापुढे मी दर वर्षी जरा जास्तच रेंगाळते. कुणा चित्रकारानं कधीतरी हे रेखाटलं असेल. कागदावर त्याचं नाव नाही, पण दर श्रावणात घराघरांत बायका त्या रेषांना हळदकुंकू लावतात. छापील रेषेचं याहून मोठं भाग्य मला माहीत नाही.

काकू खिडकीखाली वर्तमानपत्र पसरून बसल्यात. कर्जतहून भावानं पाठवलेले जुने तांदूळ, पावसाळ्यानं पोरकिडे झालेत. मांडीशी डबा, हातात सूप.

"काकू, तुम्ही तुमचं चालू ठेवा. मी नुसती बसते समोर."

"चित्र काढतेस होय? मग थांब, साडी तरी बदलते."

"तुमचं नाही, हातांचं काढतेय."

"हातांचं?" त्या आपले हात उलटेपालटे करून बघतात. "यात काय आहे काढण्यासारखं?" आणि पाखडायला लागतात.

पहिली पाच मिनिटं मी काहीच काढत नाही. जे घडतंय ते फार जलद आहे. हळूहळू डोळा त्या लयीत बसतो आणि एकेक गोष्ट सुटी व्हायला लागते. हात सुपाच्या मधोमध नाहीतच, मागच्या उंच कडेकडे सरकलेले आहेत. चार बोटं खालून, अंगठा काठावर. कोपरं बरगड्यांना चिकटलेली. दंड हलत नाही, सगळा झटका मनगटात. झटक्यासरशी तांदळांची एक पातळ चादर उठते, हवेत क्षणभर थांबल्यासारखी दिसते आणि मागे पडते. कोंडा मात्र मागे येत नाही, तो पुढच्या उघड्या तोंडावरून वर्तमानपत्रावर. धूळ नाकात जाऊ नये म्हणून हनुवटी मागे ओढलेली, ओठ मिटलेले, डोळे बारीक. सुपाच्या फटी मेथी आणि कागदाच्या लगद्यानं लिंपलेल्या, तो लगदा वापरून वापरून तपकिरी, गुळगुळीत झालाय.

आणि मग मला डावा अंगठा दिसतो.

सूप वर जाताना काकूंचा डावा अंगठा काठावरून सुटतो. जेमतेम बोटभर, टोक किंचित बाहेर वळलेलं. तांदूळ हवेत असेपर्यंत तो तसाच अधांतरी, आणि दाणे सुपात पडायच्या आधी पुन्हा काठावर. दर वेळी. मी दहा वेळा पाहते, वीस वेळा पाहते, आणि माझ्या छातीत काहीतरी धडधडायला लागतं. हे सांगायला फार लहान आहे. एका म्हाताऱ्या बाईचा अंगठा बोटभर उचलला जातो, एवढंच. पण काल रात्रभर माझ्या चित्रातली बाई खोटी होती ती याच्यावाचून.

"काकू, तुमचा अंगठा सुटतो."

"कुठं?"

त्या मुद्दाम बघायला जातात आणि लय मोडते, तांदूळ पुढून सांडतात. "जा गं, सांडवलेस माझे," म्हणतात आणि हसतात. मी सांडलेले दाणे वेचायला लागते. त्या सूप पुन्हा उचलतात, आता घोळतात. पाखडणं वर-खाली, घोळणं गोल. खडे एका कडेला गोळा होतात. मी दोन्ही काढून घेते. अर्ध्या तासात वहीची सात पानं भरतात, सगळी हातांनीच भरलेली. निघताना काकू बजावतात, "संध्याकाळी हळदीकुंकवाला ये. नाही आलीस तर दूध-फुटाणे घेऊन मीच येईन."

परत टेबलाशी. नवा कागद. छापायच्या आकाराच्या दीडपट काढायचं. लहान झालं की रेषा घट्ट बसतात, थोडा कंप असेल तोही मिटतो. पेन्सिलीचं काम आज चटकन होतं. ठाऊक असलं की हात विचारत नाही.

शाईची बाटली उघडते. तो वास! कापूर आणि ओली माती यांच्या मधला कुठलातरी. शाळेपासून तो तसाच आहे. माझी पहिली बाटली कॅम्लिनची होती, उंट असलेली. दांडेकरांनी १९३१ साली घोडा छाप शाईच्या पुडीपासून धंदा सुरू केला, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. तोवर माझ्या लेखी शाई म्हणजे उंटच होता.

टाक बुडवायचा, बाटलीच्या काठाला निब टेकवून जास्तीची शाई उतरवायची, बाजूच्या कपट्यावर एक रेघ ओढून बघायची. बटाट्यानं काम केलंय. रेघ केसासारखी निघते आणि दाबली की भरते.

आता नुसत्या काळ्या रेषेची सक्ती कुणी करत नाही. संगणकावर काढता येतं, करडी छटा छापता येते, रंगही. खिळ्यांच्या छपाईच्या दिवसांत रेषाचित्राचा जस्ताच्या पत्र्यावर ब्लॉक करायचे. छटा हव्या असल्या तर ठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक लागे. तो महाग, आणि त्याला कागदही गुळगुळीत हवा. म्हणून कथेसोबतचं चित्र बहुतेकदा शुद्ध काळ्या-पांढऱ्यात निघे. त्या अडचणीतून मराठी मासिकांना रेषेची केवढी श्रीमंती मिळाली! माझ्या वडिलांनी जपलेले जुने अंक माळ्यावर आहेत. मुखपृष्ठावर दीनानाथ दलालांचे भरघोस रंग; १९४५ साली त्यांनी 'दीपावली' हे स्वतःचंच नियतकालिक काढलं. आणि आत उलटत गेलं की दलालांचीच रेषा, कुठे न उचलता खांद्यापासून टाचेपर्यंत गेलेली. पुढच्या अंकांमध्ये वसंत सरवटे. ते सिमेंट कंपनीत इंजिनिअर होते, आणि ती नोकरी सांभाळून त्यांनी इतकी चित्रं काढली. 'व्यक्ती आणि वल्ली'तली माणसं माझ्या डोळ्यांपुढे येतात ती त्यांनी काढलेल्या रूपात. कथेत जे लिहिलंय तेच पुन्हा काढून दाखवणं म्हणजे कथाचित्र नव्हे, हे मी सरवट्यांची चित्रं बघून शिकले. चित्रानं कथेच्या शेजारी बसावं. तिच्या मांडीवर बसू नये.

चेहरा आधी करते. तो अर्धा पदराखाली आहे, चार रेघांत संपतो. मग पाठ. मग सुपाची वीण, तिथे मात्र तास जातो. कामटी वर, कामटी खाली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मधे उठून भात-भाजी खाते. तोच बटाटा.

अंगठा सगळ्यात शेवटी. श्वास धरते. एक रेघ, सांध्यापाशी जरा जाड, नखाकडे जाता जाता विरळ. उचलते. बघते.

सुटलाय. काठ आणि अंगठा यांच्या मधली कागदाची पांढरी फट, तांदळाच्या दाण्याएवढी. तिथं शाई नाही आणि तिथंच सगळं हलतंय. मी टाक खाली ठेवते आणि घरात उगाच एक फेरी मारून येते. लोकल जाते तिचा आवाज येतो. अशा वेळी कुणाला सांगायचं ते कळत नाही, सांगावंसं मात्र फार वाटतं.

एक निर्णय उरलाय. पेन्सिलीत मी सुपापुढे कोंडा काढलाय, काकूंच्या वर्तमानपत्रावर पडत होता तसा, बारीक ठिपक्यांचा. दिसायला छान आहे, चित्राचा तोल सावरतो. निब बुडवून मी त्याच्यावर आणते आणि थांबते. कथा पुन्हा उघडते. तांदूळ दुपारीच पाखडलेले आहेत. मग कोंडा येईल कुठून? रबर घेऊन सगळा पुसून टाकते. सुपापुढे आता नुसता कोरा कागद. चित्र डावीकडे रितं पडतं. पडू दे. वाचणाऱ्याला हे उमगेल की नाही, देव जाणे. तिथं काहीच नाही, हे कोण बघणार? पण त्या बाईशी खोटं नको.

संध्याकाळी सात. शाई वाळलीय. हळदीकुंकवाला जायचं राहून गेलं, हे दारावर थाप पडते तेव्हा लक्षात येतं. काकू वाटीत फुटाणे आणि पेल्यात केशराचं दूध घेऊन उभ्या, नऊवारी नेसलेल्या, बोटांना हळदकुंकू.

"म्हटलं होतं ना, मीच येईन." मला कुंकू लावतात. "झालं का हातांचं?"

मी दिवा टेबलाकडे वळवते. काकू चष्मा पुसून वाकतात. कागदाला बोट लावायला जातात, मग बोटावरची हळद बघून हात मागे घेतात. बराच वेळ काही बोलत नाहीत. त्यांचा स्वतःचा डावा अंगठा पदराच्या काठावरून हळूच उचलला जातो आणि परत टेकतो. त्यांना ते कळतही नाही.

"पाखडतेय खरी," त्या म्हणतात. मग भुवया आक्रसतात. "पण कोंडा कुठाय गं हिचा? एवढं पाखडतेय आणि पुढं कणभर नाही पडलेलं. हे तर स्वच्छ तांदूळ आहेत." माझ्याकडे बघतात. "काय झालंय हिला?"

मी खुर्ची त्यांच्याकडे सरकवते, दुधाचा पेला बाजूला ठेवते आणि कथेचं पहिलं पान उचलते.