आडनाव काय गं तुझं?

मे महिन्यात ओळखीतून मॉरिशसची एक पाहुणी आमच्या रत्नागिरीच्या घरी आली. पाचवी पिढी! १८३४ पासून मजुरीच्या करारावर माणसं तिकडे गेली, त्यात कोकणातलीही होती. तिथल्या महात्मा गांधी संस्थेतून तिनं खापरपणजोबांच्या नोंदीची नक्कल आणलेली. गावाचं नाव असं लिहिलेलं, की आपली तीन गावं जुळावीत!

"आडनाव काय गं तुझं?" सासूबाईंचा नेहमीचा प्रश्न. तिनं सांगितलं. ते तर खापरपणजोबांचं नुसतं नाव. कागदावर तेच आडनाव होऊन बसलेलं.

"मग घराणं कुठलं समजायचं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड द्यायचं २०२४ मध्ये जाहीर झालं. सासूबाईंचं कार्ड मात्र कठीण.

तिन्हीसांजेला तिनं देवापुढे आरती म्हटली. चाल आमचीच. सासूबाईंनी निरांजन तिच्या हाती दिलं. "गाव कुठलं म्हणालीस? वाच बघू परत."