नवशिक्या शिकाऱ्यांचे शिक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विस्कॉन्सिन राज्यात दरवर्षी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात नऊ दिवस बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा मोसम असतो. पाच लाखांहून अधिक माणसे त्यासाठी परवाना घेतात. पाने गळून गेलेली, दिवस लहान झालेला, आणि हरणे हिंडतात ती वेळ नेमकी पहाटेच्या व तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडाची. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने आणि त्यातील पुढील दुरुस्त्यांनी हौसेच्या शिकारीचे दार बंद केले असल्यामुळे, एवढ्या सशस्त्र माणसांनी एकाच वेळी रानात वावरण्याची कल्पना आपणांस सहसा येणार नाही.

१९६६ या वर्षी त्या राज्यात शिकार करताना २६४ माणसे जखमी झाली. दर लाख शिकाऱ्यांमागे हे प्रमाण ४४ पडले. पुढच्याच वर्षी राज्याने नवशिक्यांसाठी सुरक्षिततेचा शिक्षणक्रम सुरू केला, आणि १९८५ पासून, १ जानेवारी १९७३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या शिकाऱ्यांवर तो सामान्यतः सक्तीचा झाला. न्यूयॉर्क राज्याने तरुण शिकाऱ्यांवर अशी सक्ती १९४९ सालीच केली होती.

अशा वर्गात नेमबाजीचे धडे दिले जात असतील, असे कोणासही वाटेल. परंतु त्यात नेमबाजीला दुय्यम स्थान असते, आणि ते योग्यच होय. कारण अनेक अपघातांत नेम अगदी बरोबर लागलेला असतो. चुकलेले असते ते लक्ष्य. जो तासन्‌तास हरणाची वाट पाहत बसला आहे, त्याला हललेल्या झुडपात हरीणच दिसते. डोळ्यांनी पाठविलेल्या अपुऱ्या खुणांची उणीव मन आपल्या अपेक्षेने भरून काढते. मग तपकिरी कोट हे अंग होते आणि पांढरा हातरुमाल ही शेपटी. म्हणून विद्यार्थ्यास शिकविले जाते की, प्राणी पूर्णपणे ओळखल्यावाचून बंदूक उचलावयाची नाही. आणि ओळखण्यासाठी बंदुकीवरील दुर्बीण वापरावयाची नाही, तर गळ्यातील वेगळी दुर्बीण वापरावयाची. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून माणसाकडे पाहणे म्हणजे त्याच्यावर नळी रोखणेच होय.

हाच विचार चार मूलभूत नियमांत गोविलेला आहे. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे. नळी सदैव निर्धोक दिशेस ठेवावी. लक्ष्य कोणते व त्याच्या पलीकडे काय आहे, याची खात्री करावी. आणि बार काढावयाच्या क्षणापर्यंत बोट चापाच्या कड्याबाहेर ठेवावे. यांतील ‘पलीकडे’ हा शब्द नवशिक्यांच्या ध्यानात फार उशिरा येतो. ०·२२ इंच व्यासाची चिमुकली गोळीसुद्धा सुमारे दोन किलोमीटर जाऊ शकते. त्यामुळे टेकडीच्या माथ्यावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभ्या असलेल्या हरणावर गोळी झाडणे निषिद्ध मानले जाते.

दुसऱ्याच्या डोळ्यांस आपण दिसावे, हीही शिक्षणाचीच बाजू आहे. पूर्वी शिकारी तांबडे कपडे घालीत. दुपारी ते ठळक दिसतात, परंतु उजेड मंदावताच दृष्टिपटलावरील शंकूंचे काम मागे पडून शलाका पुढे येतात, आणि शलाकांना तांबडा प्रकाश जवळजवळ जाणवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने वर्णिलेला हा परिणाम शिकाऱ्याच्या अंगावरील तांबड्या कोटाला संध्याकाळी काळपट करून टाकी. शिवाय ज्यांना तांबडा व हिरवा यांतील भेद कळत नाही, त्यांना तो दिवसाही पानांतून वेगळा काढता येत नसे. आता वापरतात ते झगझगीत नारिंगी कापड अनुस्फुरणशील असते: जंबुपार व निळा प्रकाश शोषून घेऊन ते तो सुमारे ६०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या नारिंगी प्रकाशाच्या रूपाने परत देते. रानात असा रंग दुसरा नसतो. विस्कॉन्सिनने हरणांच्या बंदुकीच्या मोसमात तो १९८० मध्ये सक्तीचा केला. हरणाच्या डोळ्यात मात्र दोनच प्रकारचे शंकू असल्याने नारिंगी रंग त्याला गवतापासून फारसा निराळा भासत नाही.

यंत्राविषयीचे धडेही गमतीचे वाटले तरी जीवावरचे आहेत. बोअरचा आकडा जितका मोठा तितकी नळी अरुंद: बारा बोअरच्या नळीत बसणाऱ्या बारा शिशाच्या गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, वीस बोअरच्या वीस गोळ्यांचे. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरमध्ये घातले, तर ते आत घसरून अडकते. मागून योग्य काडतूस भरून बार काढला की नळी फुटते. म्हणून वीस बोअरची काडतुसे रिवाजाने पिवळी असतात. चिखलाने वा बर्फाने नळी बुजली तरी हाच धोका. कुंपण ओलांडताना बंदूक प्रथम रिकामी करावी, ती कुंपणाखालून पलीकडे निर्धोक दिशेस ठेवावी, मग स्वतः जावे. झाडावरील मचाणावर चढताना पट्टा बांधावा व बंदूक रिकामी करून दोरीने मागाहून वर ओढून घ्यावी, कारण पडून जायबंदी होणारेही पुष्कळ असतात. शेवटी लेखी परीक्षेबरोबर प्रत्यक्ष हाताळणीचीही परीक्षा घेतली जाते.

अलीकडे विस्कॉन्सिनमधील अपघातांचे प्रमाण १९६६ च्या मानाने सुमारे एक दशांशावर आले आहे. या घटीचे सारे श्रेय वर्गांनाच देणे मात्र बरोबर होणार नाही. नारिंगी पोशाख त्याच काळात आला, आणि माणसांनी रांगेने रान उठवून हरणे हाकण्याची पद्धतही मागे पडत गेली. वर्ग बहुतांशी स्वयंसेवक शिक्षक चालवितात. त्यांच्यापुढे बारा वर्षांची मुले आणि त्यांचे आईबापही पुष्कळदा एकाच बाकावर बसलेले आढळतात.